जावईबापूंच्या बाह्या

भिमाजी केदारींनी होणाऱ्या जावयासाठी स्वतःच्या हातांनी शिवलेला कोट सगळ्या बाजूंनी उत्तम झाला होता. कॉलर मानेला बेताची लागत होती, पुढचे दोन्ही पल्ले सारखे पडत होते, काजाचे टाके मोजून घ्यावेत इतके एकसारखे होते. उणीव एकच होती. तो अंगात घातला की माणसाला हात वर करता येत नव्हते.

एरवी ही काही मोठी अडचण नाही. आपल्याकडे कोट घातलेला माणूस बहुतेक वेळ खुर्चीत बसून दुसऱ्याचं भाषण संपायची वाट बघतो, त्याला हात वर करायचं कारणच पडत नाही. पण हा कोट नवरदेवाचा होता. मंगलाष्टकं संपली की नवरदेवाला हार घालावा लागतो, आणि तोही अशा नवरीला, जिला तिच्या भावांनी नेमकं त्याच क्षणी उचलून धरलेलं असतं. कोमलला चुलतभाऊ चार. चौघंही धट्टेकट्टे आणि चौघंही या एका क्षणासाठी वर्षभर टपलेले.

भिमाजी देहूरोडच्या लष्करी डेपोत कपड्यांच्या भांडारात एकतीस वर्षं होते. येणारा प्रत्येक कोट उलटा करून बघायचा, शिलाई तपासायची, पास नाहीतर नापास करायचा. इतक्या कोटांमधल्या चुका काढलेल्या माणसाला एक कोट शिवता येऊ नये, हे त्यांना मान्य नव्हतं. म्हणून पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात नवरदेवाचा सूट घ्यायला सगळे गेले, तेव्हा भिमाजींनी सवयीने समोरचा कोट उलटा केला, आत बोटं फिरवली आणि विक्रेत्यासमोरच जाहीर केलं, "याच्या आतलं कापड शिवलेलं नाही, चिकटवलंय. माझ्या मुलीचा नवरा मी चिकटवलेल्या कोटात उभा करणार नाही." तिथून ते सूट न घेता, गडद निळं कापड घेऊन लोणावळ्याला परतले, आणि दुसऱ्या दिवशी बायकोच्या, नंदाबाईंच्या शिलाई मशीनचा ताबा घेतला. नंदाबाईंनी एवढंच विचारलं, "लग्न पुढच्याच्या पुढच्या महिन्यात आहे, लक्षात आहे ना?"

पहिलं फिटिंग एका रविवारी झालं. जावईबापू सत्यम वेळेवर हजर झाले. सत्यम तळेगावच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होता. दिवसभर दुसऱ्यांनी केलेल्या मालातल्या चुका काढायच्या, हीच त्याची नोकरी. तिथे तो केसाएवढ्या फरकासाठी अख्खी पेटी परत पाठवायचा म्हणे. पण होणाऱ्या सासऱ्यासमोर उभा राहिला की त्या पोराच्या तोंडून एकच शब्द निघायचा.

"कसं वाटतंय, सत्यमराव?"

"मस्त, मामा."

"काखेत धरत नाही ना?"

"नाही, मामा."

"बाहीला वळ्या पडल्यासारख्या दिसतायत."

"स्टाइल आहे, मामा."

तेवढ्यात नंदाबाईंनी चहा आणला. सत्यमने कप घेतला. कप छातीपर्यंत आला आणि थांबला. त्याने आणखी जोर केला, तसा कप तिथेच राहिला आणि कोट वर आला, कॉलर पार कानांपर्यंत. मग त्या सभ्य मुलाने कपाचा नाद सोडला आणि तोंडच खाली नेलं.

"बाबा," कोमल म्हणाली, "त्याला हात वर करता येत नाहीयेत."

"मी विचारलं त्यांना. मस्त आहे म्हणाले."

"तो आमच्या हॉटेलातल्या सकाळच्या उपम्यालाही मस्त म्हणतो." कोमल खंडाळ्याच्या वाटेवरच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात कामाला होती आणि तो उपमा ती जाणून होती.

भिमाजींना हे लागलं. तोंडी साक्षीवर निर्णय घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी पट्टीने रकाने आखून एक कागद केला. खांदा, मुंढा, बाही, कोपर, मनगट, आणि प्रत्येकासमोर "तक्रार असल्यास लिहावी". पुढच्या रविवारी सत्यमने तो नीट वाचला, पाचही रकान्यांत "निरंक" असं लिहिलं, आणि खाली सही करून तारीख टाकली. सही करतानाही त्याने कागद पोटाशी धरला होता, हे भिमाजींच्या लक्षात आलं. पण कागदावर निरंक होतं. कागदापुढे काय करणार?

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर शालनवहिनी राहायच्या. वीस वर्षं ब्लाउज शिवत होत्या. त्या मुद्दाम वर आल्या, कोट हातात घेऊन काखेत दोन बोटं घातली आणि निकाल दिला.

"भावोजी, मुंढा लहान झालाय तुमचा." मुंढा म्हणजे बाही जोडायची ती गोल जागा. "अर्धा इंच खाली उतरवा. हात मोकळा होईल बघा."

सल्ला समजायला इतका सोपा होता की भिमाजींना संशय आला नाही. त्यांनी बाह्या उसवल्या, मुंढे अर्धा इंच खाली कापले, बाह्या परत जोडल्या. सत्यमला बोलावलं. आधी हात छातीपर्यंत यायचे, ते आता पोटाशी थांबायला लागले.

"अजून अर्धा इंच," शालनवहिनी जिन्यातून म्हणाल्या.

अजून अर्धा इंच कापला. आता नवरदेवाला स्वतःच्या खिशातला फोन काढायला कोमलची मदत लागू लागली.

वरच्या मजल्यावरचा पवन व्यायामशाळा चालवायचा. त्याचं मत वेगळं पडलं. "काका, कोट परफेक्ट आहे. प्रॉब्लेम नवरदेवात आहे. खांदे आखडलेत. मला पंधरा दिवस द्या."

आपल्या कोटाला परफेक्ट म्हणणारा हा पहिलाच माणूस, त्यामुळे भिमाजींना त्याचं म्हणणं शास्त्रीय वाटलं. सत्यमला विचारलं. सत्यम मस्त म्हणाला. पंधरा दिवस तो कारखान्यातून सुटला की तळेगावहून लोणावळ्याला येऊन लोखंड उचलत होता. खांदे सुटले की नाही कोण जाणे, पण ते दोन्ही बाजूंनी बोटभर रुंद मात्र झाले. आता हात वर जात नव्हतेच, शिवाय पाठही धरायला लागली.

याच सुमारास सोसायटीच्या सेक्रेटरींकडून पत्र आलं. "आपण निवासी सदनिकेत शिलाईचा व्यवसाय चालवीत असून ग्राहकांची वर्दळ वाढल्याच्या तोंडी तक्रारी आल्या आहेत. सात दिवसांत खुलासा करावा." ज्या इमारतीत शालनवहिनी वीस वर्षं ब्लाउज शिवत होत्या त्याच इमारतीत भिमाजींना हे पत्र यावं, याचं त्यांना फार दुःख झालं. त्यांनी तीन प्रतींत खुलासा लिहिला. सदर व्यक्ती ग्राहक नसून नियोजित जावई आहे, ती एकच आहे, आणि तीच पुन्हा पुन्हा येते. सेक्रेटरींनी पत्र आणि खुलासा दोन्ही पारदर्शकतेसाठी फलकावर लावलं. त्याचा परिणाम असा झाला की ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांनाही कळलं, दुसऱ्या मजल्यावर केदारी शिलाई करतात. संध्याकाळपर्यंत दोन जण पँटी आखूड करायला ठेवून गेले. त्यातली एक सेक्रेटरींची होती.

लग्नाला अकरा दिवस उरले, तेव्हा भिमाजी मशीनसमोर नुसते बसून राहायला लागले. जेवताना बोलेनात. नंदाबाईंनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी भाकरी वाढताना म्हणाल्या, "अहो, त्या शिदू मास्तरांना दाखवा की."

भिमाजींचा घास हातातच राहिला.

शिदू मास्तर म्हणजे देहूरोडला साहेब लोकांचे कोट शिवणाऱ्या शिंपीखान्यातले कारागीर. आंदर मावळातल्या एका वाडीतून पोरवयात आले, इस्त्रीला लागले आणि कटिंगपर्यंत पोचले. त्यांचा कोट तपासायला आला की भिमाजी तो उलटा करायचे आणि मुकाट्याने पास करायचे. मग अडचण काय होती? अडचण अशी होती की एकदा मास्तरांनी तीन बटणांसाठी मागणीची चिठ्ठी पाठवली होती आणि भिमाजींनी ती परत केली होती. चिठ्ठी पांढऱ्या कागदावर होती. नियमाप्रमाणे गुलाबी हवी होती.

"ते विसरले असतील," नंदाबाई म्हणाल्या.

"मी विसरलो नाही ना," भिमाजी म्हणाले.

तरीही त्यांनी वाडीतल्या दुकानदाराच्या फोनवर निरोप धाडला, की कोट घेऊन येऊ का? उलट निरोप आला, "कोट नंतर. आदी मानूस आना."

बस त्या बाजूला सकाळी एक आणि संध्याकाळी एक. म्हणून सत्यमने रजा काढली आणि मोटरसायकल आणली. मागे भिमाजी बसले, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात हँगरला लावलेला कोट, घडी पडू नये म्हणून उंच धरलेला. टाकवे गावाच्या पुढे मोकळं रान लागलं तसा वारा बाह्यांत शिरला आणि दोन्ही बाह्या सरळ आभाळाकडे उभ्या राहिल्या. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच वर गेल्या होत्या. भिमाजींनी ते बघितलं आणि मान दुसरीकडे वळवली.

शेवटचा तुकडा बांधांवरून चालत जायचा होता. भात कापून झालं होतं, खळ्याखळ्यांवर झोडणी चालली होती. मास्तरांच्या खळ्यावर त्यांच्या मंडळी बाया मावशी भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होत्या. मास्तर बाजूला घोंगडीवर बसले होते. पंच्याहत्तरी उलटलेली, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलेला. पावलांच्या आवाजाकडे त्यांनी तोंड फिरवलं.

"केदारीसायेब का?"

"होय, मास्तर."

"माजी चिठ्ठी परत केलती त्येच ना?"

सत्यमने चमकून सासऱ्यांकडे पाहिलं. भिमाजी म्हणाले, "तेव्हा नियम होता मास्तर, गुलाबी कागद..."

"तीनच बटनं व्हती."

"होय."

"म्या माज्या सदऱ्याची काडून लावली. आन घरापत्तुर सदरा हातानं धरून आलो."

भिमाजींना हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "चुकलं माझं, मास्तर."

"बसा. च्या घ्या," मास्तर म्हणाले आणि कोटासाठी हात पुढे केला.

त्यांनी डोळे मिटले आणि बोटं फिरवायला सुरुवात केली. कॉलरवरून, पल्ल्यावरून, काजांवरून. "टाका ग्वाड हाय," ते म्हणाले. भिमाजींचा ऊर भरून आला. मग बोटं मुंढ्यापाशी आली आणि थांबली. "हितं कुराड कुनी चालवली?"

"मीच. आमच्या शेजारच्या वहिनी..."

"ऱ्हाऊ द्या. नवरदेव, घाला कोट. आन ती पेंढी उचला."

सत्यमने भिमाजींकडे पाहिलं, मग भाताकडे पाहिलं. बाया मावशींनी फळीवरची जागा सोडली. "या जावायबापू, दोन पेंढ्या झोडा. लाजू नगा."

गडद निळ्या कोटात, चकचकीत बुटांत जावईबापू खळ्यात उतरले. पेंढी उचलली. ती छातीशी आली.

"जमतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"मस्त," सत्यम म्हणाला.

"मंग घ्या डोक्याच्या वर आन हाना."

सत्यमने दात आवळून पेंढी वर ढकलली. पेंढी गेली नाही, कोट गेला. कॉलर कानांवर आली, पल्ले फाकले, भाताचा धुरळा तोंडावर आला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पाठीमागे कुठेतरी टाका तुटल्याचा आवाज झाला आणि सत्यमने पेंढी खाली टाकली.

"अहो मामा, नाही जात हात वर! पहिल्या दिवसापासून नाही जात! मी रोज घरी दरवाज्याच्या चौकटीला हार अडकवायची प्रॅक्टिस करतोय. कोमलला म्हटलं, तू मान खाली घाल. ती म्हणाली, भावांनी उचललं तर मान खाली घालून काय होणार? मामा, मला रात्री स्वप्नात ते चौघं दिसतात!"

बाया मावशींनी पदराने तोंड झाकलं.

"मग सांगितलं का नाही?" भिमाजींनी विचारलं.

सत्यमचा आवाज उतरला. "तुम्ही माझ्यासाठी रोज सकाळपासून मशीनवर बसता. माझे वडील गेल्यापासून माझ्यासाठी असं कोणी बसलं नाही. कसं सांगणार?"

भिमाजींना आधी राग आला होता. एकतीस वर्षांत त्यांच्याकडे खोटा अहवाल कोणी दिला नव्हता. मग हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं, की आपण विचारत होतो तेच मुळी "धरत नाही ना?" असं. समोरच्याने नाही म्हणावं म्हणूनच तो प्रश्न होता.

"आता बरं झालं," शिदू मास्तर म्हणाले. "आता मापाला सुरवात करू."

त्यांनी सत्यमला जवळ बोलावून खांद्यापासून मनगटापर्यंत हात चाचपले. "केदारीसायेब, मुंढा जेवडा खाली, तेवडा हातासंगं समदा कोट वर. मुंढा काखंला लागून पायजे. मंग हात हलंल, कोट न्हाई हलनार. आन माप घेताना ह्यानला कसं उबं केलतं?"

"सावधान."

"मंगलाष्टकात सावदान म्हंत्यात, म्हून काय नवरा सावदान उबा ऱ्हातो व्हय?" मास्तर हसले. "ह्यांचं हात फुडं पडत्यात. गाडी चालवून असंल. बाही बी तशीच फुडं फिरवून लावायची. पर तुमी खाल्लेलं कापड कुटनं आनायचं? काखंत जोडाची कळी घालाया ह्येच कापड लागंल, चार चार बोटं."

तेच कापड उरलं नव्हतं. निदान नंदाबाईंना तसंच सांगितलेलं होतं. भिमाजींनी पिशवीत हात घालून तळातून एक घडी काढली. निळं जाकीट होतं. उरलेल्या कापडातून त्यांनी ते स्वतःसाठी शिवलं होतं. जावयाच्या शेजारी एकाच कापडात फोटोला उभं राहायचं, असं त्यांच्या मनात होतं. घरात कोणाला बोलले नव्हते. मास्तरांना दाखवून शाबासकी घ्यावी म्हणून आणलं होतं, आणि बोलायचा धीर झाला नव्हता.

मास्तरांनी जाकीट चाचपलं. "ह्ये तुमच्या मापाचं हाय."

"होय."

"लय नीट झालंय."

"कापा, मास्तर."

"मामा, नको!" सत्यम म्हणाला.

"सत्यमराव, बोलायला लागलात हे चांगलं झालं. पण लगेच सगळ्यात बोलू नका."

मास्तरांची कात्री नुसत्या अंदाजावर चालली. सुई ओवायला त्यांना दिसत नव्हतं, म्हणून दोरा भिमाजींनी ओवला आणि टाकेही त्यांनीच घातले. मास्तर बोटाने तपासत आणि "उसवा" म्हणत. तीन वेळा उसवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं काम नापास करणाऱ्या भिमाजींना त्या दुपारी तीनदा नापास केलं गेलं, आणि नवल म्हणजे त्यांना ते आवडलं. तोवर सत्यमने शर्टाच्या बाह्या सारून बाया मावशींबरोबर निम्मं खळं झोडून काढलं.

चौथ्या वेळी मास्तर उसवा म्हणाले नाहीत. सत्यमने कोट चढवला, पेंढी घेतली आणि डोक्यावरून मागे नेऊन दणकन फळीवर हाणली. दाणे उडाले. कोट अंगावर होता तसाच होता. भिमाजींनी त्याला तसं आणखी अकरा वेळा करायला लावलं. बाया मावशी म्हणाल्या, "आजून चारपाच भारं हायती, तपासून घ्या."

लग्न लोणावळ्यातल्या एका मंगल कार्यालयात लागलं. शिदू मास्तर आणि बाया मावशी पहिल्या रांगेत होते, मधोमध. भिमाजींनी ती जागा सकाळपासून कोणाला बसू दिली नव्हती. स्वतः ते पांढऱ्या सदऱ्यात मास्तरांमागे उभे होते. शेवटची अक्षता पडली आणि चौघा भावांनी कोमलला असं उचललं की तिचा मुकुट वरच्या झुंबराला लागतो की काय असं वाटलं.

"केदारीसायेब, काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"उचललंय तिला."

"आन आपलं?"

सत्यमने टाचा उचलल्या, दोन्ही हात सरळ डोक्यावर नेले आणि हार वर फेकला नाही की लोंबकळवला नाही, नीट हाताने कोमलच्या गळ्यात घातला.

"गेला हात, मास्तर."

"कोट?"

"जागचा हलला नाही."

मास्तरांनी समाधानाने मान हलवली. नंदाबाईंनी भिमाजींना कोपर मारलं. "अहो, बाहीकडे काय बघताय? मुलीकडे बघा." भिमाजींनी मुलीकडे बघितलं आणि त्यांना मग काहीच नीट दिसेनासं झालं.

पाठवणीच्या वेळी कोमल आईच्या गळ्यात पडून रडली, मग वडिलांच्या. सत्यम पाया पडायला वाकला. भिमाजींनी त्याला अर्ध्यातून उठवून मिठी मारली. सत्यमचेही दोन्ही हात वर आले आणि सासऱ्यांच्या खांद्यांभोवती घट्ट बसले. भिमाजींनी सवयीने त्याच्या पाठीवरून तळवा फिरवला. कुठे ओढ नव्हती, कुठे वळी नव्हती. त्यांचे डोळे भरून वाहायला लागले.

तेवढ्यात सत्यम त्यांच्या कानाशी आला.

"मामा, एक सांगू?"

"सांगा."

"पँट फार घट्ट झालीय. जेवणानंतर तर श्वासच घेता येत नाहीये. गाडीत बसलो तर फाटेल."

पँटही भिमाजींनीच शिवली होती, आणि बाह्यांच्या नादात तिच्याकडे कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. त्यांनी जावयाला आणखी जवळ धरलं आणि त्यांचं सगळं अंग हलायला लागलं. हसू आवरायचं म्हणून त्यांनी तोंड त्याच्या खांद्यात खुपसलं, तसं ते जास्तच यायला लागलं. आजूबाजूच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. शालनवहिनी नंदाबाईंना म्हणाल्या, "भावोजींनी फारच मनाला लावून घेतलं हो."

"वरचं बटण सोडा," भिमाजी हुंदक्यातून कुजबुजले, "आणि वरून कोट ओढून घ्या. लांबी मी भरपूर ठेवलीय."